चिया पुडिंगला पाणी का सुटते? लहान मुलांच्या वाटीतील नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे निवारण

रात्री भिजवून ठेवलेली चियाची वाटी सकाळी फ्रीजमधून काढावी आणि वर बोटभर पातळ दूध, तळाशी बियांचा घट्ट थर व मध्ये कुठेतरी मऊ पडलेल्या आंब्याच्या फोडी दिसाव्यात, असे माझ्याकडे गेल्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत एक दिवसाआड होत असे. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. घरात पाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. उकाड्याच्या दिवसांत सकाळी मुलांना गरम काही नको असते, म्हणून गॅस न पेटवता होणारे हे फळांचे पुडिंग मी सुरू केले होते. ते बिघडू लागल्यावर मी बियांचे प्रमाण वाढवून पाहिले, दूध बदलून पाहिले, वाट्यांऐवजी बरणी वापरून पाहिली. कधी जमायचे, कधी फसायचे, आणि का ते कळत नसे. पुष्कळ वाट्या वाया गेल्यावर लक्षात आले की ‘पातळ झाले’ या एकाच तक्रारीखाली तीन निरनिराळे दोष दडलेले असतात, आणि पाणी वाटीत नेमके कुठे साचले आहे हे नीट पाहिल्याशिवाय आपल्याकडचा दोष कोणता ते उमगत नाही.

माझी सध्याची रीत आधी सांगते, कारण पुढचे निवारण तिच्याच आधाराने समजेल. चार लहान वाट्यांसाठी चियाचे दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण २४ ग्रॅम बी, मी प्रथम १०० मिलिलिटर पाण्यात घालते. लगेच काट्याने ढवळते, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळते आणि त्यानंतर दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. अर्ध्या तासात बी फुगून सगळे मिश्रण सैलसर लापशीसारखे झाले की त्यात १२० मिलिलिटर दूध मिसळते आणि झाकण लावून किमान चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवते. फळ त्या वेळी अजिबात घालत नाही. मुले खायला बसली की ते ताजे कापून किंवा कुस्करून घालते. पदार्थ शिजवायचा नसल्यामुळे त्यात जाणारे पाणी आणि दूध आधी उकळून पूर्ण गार केलेले असले पाहिजे, फळ सालीसकट धुतलेले असले पाहिजे आणि वाट्या कोरड्या असल्या पाहिजेत. जिथे शेवटी आच लागणार नसते, तिथे सुरुवातीची स्वच्छता हाच एकमेव आधार असतो.

पाणी कुठे साचले आहे?

पहिला प्रकार म्हणजे वर पातळ दूध आणि तळाशी बियांची वडी. हा ढवळण्याचा दोष आहे, प्रमाणाचा नाही. कोरडे बी दुधात घालून एकदाच ढवळले की ते हळूहळू तळाला बसते, तिथे एकमेकांना चिकटून फुगते आणि खालच्या थराला वरच्या दुधापर्यंत पोहोचता येत नाही. चियाच्या दाण्याभोवती पाण्यात जो बुळबुळीत पापुद्रा तयार होतो, त्यामुळे दाणा आपल्या वजनाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक पाणी धरू शकतो; परंतु ते पाणी त्याच्यापर्यंत गेले पाहिजे. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांतील तीन वेळचे ढवळणे हे या कृतीतील खरे काम आहे. गुठळ्यांचे कारणही हेच. एकदा मी अशी एक गुठळी चमच्याने फोडून उजेडात धरली होती: बाहेर जेलीसारखा चकचकीत थर आणि आत बोरीच्या बीएवढा पूर्ण कोरडा, करडा गोळा, जणू त्याला पाण्याचा स्पर्शच झालेला नव्हता. लहान मुलाच्या घशाच्या दृष्टीने हा कोरडा गोळा केवळ दिसायला वाईट नव्हे, तर धोक्याचा आहे, त्याविषयी पुढे लिहिते. गुठळ्या दिसल्यास मिश्रण चाळणीवर घेऊन त्या चमच्याच्या पाठीने दाबून मोडाव्यात, थोडे पाणी घालावे आणि आणखी अर्धा तास थांबावे.

दुसरा प्रकार म्हणजे पुडिंग एरवी जमलेले असते, पण फळांच्या फोडींभोवती पाण्याची तळी साचलेली असतात. इथे बी निर्दोष असते आणि दोष फळाच्या वेळेचा असतो. कापलेल्या फळातून रस सुटतोच, आणि सोबत साखर किंवा गूळ असला तर तो अधिक सुटतो, कारण बाहेरचे गोड द्रावण फळातील पाणी आपल्याकडे ओढून घेते. काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातले तर जे होते, तेच इथे रात्रभर होत राहते. माझ्या बहुतेक वाट्या याच कारणाने बिघडत होत्या, आणि मी मात्र दर वेळी बी वाढवत होते. त्यामुळे पुडिंग एकाच वेळी चिकटही झाले आणि पाणीदारही. फळ शेवटी घालायला सुरुवात केली त्या दिवसापासून ही अडचण जवळजवळ संपली. कलिंगडाला मात्र शेवटी घालूनही उपयोग नाही. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पर्रा गावचे कलिंगड घरात असले की मुले तेच मागतात, पण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते बाजूच्या ताटलीत, बिया काढून आणि लहान तुकडे करून द्यावे.

तिसरा प्रकार म्हणजे पाणी कुठेच वेगळे दिसत नाही, सगळे मिश्रणच ताकासारखे पातळ राहते. इथे एक तर द्रव जास्त पडलेला असतो, नाहीतर बी चियाचे नसते.

बी खरोखर चियाच आहे ना?

ही शंका मला फार उशिरा आली. एका दुकानातून सुटे घेतलेले बी मी चिया समजून महिनाभर वापरत होते. ते पाण्यात टाकताच मिनिटभरात टपोरे फुगायचे आणि मला वाटायचे, किती ताजे बी आहे! ते सब्जाचे होते. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या: सब्जा हे तुळशीच्या एका प्रकाराचे बी, तर चिया म्हणजे मेक्सिको व ग्वाटेमालाकडची साल्व्हिया हिस्पॅनिका ही वनस्पती, जिची लागवड आता आपल्या देशातही होते. फालुद्यात आणि सरबतात सब्जा शोभतो, कारण त्याचा प्रत्येक दाणा आपापले पाणी आपल्याभोवती धरून सुटा राहतो. पुडिंगला मात्र दाण्यांनी आजूबाजूचे दूधही बांधून धरावे लागते, आणि ते चियाच करू शकते.

ओळखायला सोपे आहे. सब्जाचे दाणे एकसारखे काळे आणि काहीसे निस्तेज असतात. चियाचे दाणे गुळगुळीत, अंडाकृती असून त्यांत काळे, करडे, तपकिरी, पांढरट असे रंग मिसळलेले असतात आणि जवळून पाहिल्यास एकेका दाण्यावर नक्षीसारख्या रेषा दिसतात. तरीही संशय उरला तर अर्धा चमचा बी पेलाभर पाण्यात टाकून घड्याळ पाहावे. दोन मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती निळसर पांढरे वलय पूर्ण झाले तर तो सब्जा. चियाला त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे तरी लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावच्या दुकानात सुटे बी घेताना चिमूटभर तळहातावर घेऊन रंग पाहण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

बी चियाचेच असेल आणि तरी मिश्रण पातळ राहिले असेल, तर वरून कोरडे बी भुरभुरून ते दाट करण्याचा मोह टाळावा. एक लहान चमचा बी तीन-चार चमचे पाण्यात वेगळे भिजवून, पूर्ण फुगल्यावर मग मिसळावे. घाई असेल तर पिकलेले केळे कुस्करून घालणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. सालदाटी केळ्याचा गर त्यासाठी मला विशेष आवडतो. मानकुराद आंब्याचा दाट रसही तेच काम करतो, आणि त्यात धागे फार कमी असल्यामुळे लहान मुलांच्या जिभेला तो खुपत नाही. आंबा कापण्यापूर्वी देठ काढून थोडा वेळ पाण्यात ठेवावा, म्हणजे चीक निघून जातो; तो चीक मुलांच्या ओठांना लागला तर आग होते आणि दोष पुडिंगला दिला जातो.

पुडिंग कडू लागते किंवा फाटते

माझी मुलगी एकदा पहिल्याच घासाला तोंड वाकडे करून म्हणाली, “आई, हे औषध आहे.” मी चाखून पाहिले. खरोखरच औषधासारखे कडू होते, आणि आदल्या रात्री त्यात घातलेला अननस तर मधासारखा गोड होता.

कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या, अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. दुधातील प्रथिनांवर रात्रभर हे काम चालू राहिले की जे लहान तुकडे उरतात त्यांची चव कडू लागते, आणि अननसाच्या आंबटपणामुळे दूध फाटते ते वेगळेच. फळ शिजवले तर हे विकर निकामी होते. पण आपली कृती न शिजवण्याची असल्यामुळे तो मार्ग बंद आहे. पपईत पपेन नावाचे तसेच विकर असते. ते मुख्यतः कच्च्या पपईच्या चिकात असते आणि फळ पिकत जाते तसे कमी होते, म्हणून पूर्ण पिकलेली पपई आयत्या वेळी घातल्यास त्रास होत नाही. अर्धवट पिकलेली पपई दुधात ठेवून दिली की मात्र तासा-दोन तासांत कडवटपणा येऊ लागतो. किवी आणि ताजे अंजीर यांनाही हाच नियम लागू आहे. ही चारही फळे मुलांना द्यायची असतील तर ती घास घेण्याच्या क्षणी वरून घालावीत आणि वाटी तेवढ्यातच संपवावी. उरलेले पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये. बियांच्या पापुद्र्याला हे विकर काही करत नाही, कारण तो प्रथिनांचा नसतो. त्यामुळे पुडिंग दिसायला अगदी जमलेले आणि चवीला कडू, असा गोंधळात टाकणारा प्रकार घडतो.

आमसुलाचा रंग मुलांना फार आवडतो, म्हणून कोकमाचे आगळ दुधाच्या पुडिंगात घालून पाहावेसे वाटते. घालू नये, दूध हमखास फाटते. तो रंग हवाच असेल तर चिया नुसत्या पाण्यात भिजवून त्यात थोडे गोड कोकम सरबत घालावे; ते वेगळेच, जेलीसारखे होते आणि दोन वर्षांवरील मुलांना क्वचित द्यायला चालते.

चिकू तुरट लागून घसा धरत असेल तर तो पुरता पिकलेला नाही एवढाच अर्थ. एक दिवस थांबावे.

नारळाच्या रसात पांढरे कण

आपल्याकडे दुधाऐवजी नारळाचा रस वापरण्याची इच्छा कुणालाही होईल, कारण तो घरात रोज निघतच असतो. मीही दाट रसात चिया भिजवून रात्रभर ठेवले. सकाळी वर मेणासारखा पांढरा पापुद्रा आला होता, आत रव्यासारखे कण होते आणि धाकट्याने पहिला घास जिभेने तसाच बाहेर ढकलला. रस नासला असे समजून मी ते ओतून देणार होते. सासूबाईंनी चिमूटभर कण बोटांवर घेऊन चोळला. तो विरघळला आणि बोटे तेलकट झाली. “अगं, डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तेच आहे हे. नासलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांचे निदान अचूक होते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते आणि फ्रीजमध्ये तर चार-पाच अंशच असतात; दाट रसातील स्निग्धांश तिथे कडक होणारच. यावर मी तीन उपाय करून पाहिले. वाटी खाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून ढवळली की कण बरेचसे जिरतात, पण पूर्ण नाहीत. दुसऱ्या पाण्याचा पातळ रस वापरला तर कण कमी होतात, पण चवही कमी होते. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे चिया रात्री नुसत्या पाण्यात भिजवून ठेवावे आणि सकाळी त्यात ताजा काढलेला दाट रस घालून लगेच द्यावे. नारळाचा रस आपल्या दमट हवेत फार लवकर आंबतो, त्यामुळे त्याच दिवशी काढून त्याच दिवशी संपवणे हेच योग्य, आणि नारळ खोवून वाटताना वापरलेले पाणीही उकळून गार केलेलेच हवे.

मूल खातच नाही

कधी पुडिंग सर्वार्थाने जमलेले असते आणि मूल तरीही तोंड फिरवते. धाकट्याला त्या काळ्या ठिपक्यांत मुंग्या दिसत असत. त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. त्याला जे दिसत होते ते खरेच तसे दिसत होते. पांढरे चिया मिळत असेल तर ते वापरावे, बाकी गुणधर्मांत फरक पडत नाही. नाहीतर कोरडे बी मिक्सरच्या लहान भांड्यात दळून त्याची पूड भिजवावी. पूड अधिक लवकर घट्ट होते, म्हणून द्रव थोडा वाढवावा, आणि ढवळणे मुळीच चुकवू नये, कारण पुडीच्या गुठळ्या बियांहून चिवट असतात. पूड लागेल तेवढीच करावी. चियात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि दळल्यावर ते लवकर खवट होते. पावसाळ्यात तर अख्खे बीसुद्धा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि वापरण्यापूर्वी वास घ्यावा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते मुलांसाठी वापरू नये.

ज्या गोष्टींत तडजोड नको

कोरडे बी लहान मुलाच्या हाती किंवा तोंडी कधीही जाऊ देऊ नये, आणि खाण्यावर भुरभुरूनही देऊ नये. २०१४ साली अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत एका प्रौढ रुग्णाची हकीकत मांडली गेली होती: त्याने चमचाभर कोरडे चिया गिळून वर पेलाभर पाणी प्यायले आणि बी अन्ननलिकेतच फुगून घट्ट बसले. प्रौढाची ही गत झाली, तर दोन वर्षांच्या मुलाच्या अरुंद घशाचा विचार आपण केला पाहिजे. बी पूर्ण फुगलेले आहे की नाही हे मी दर वेळी एक दाणा दोन बोटांत चिरडून पाहते. भोवतीचा पापुद्रा जाड आणि निसरडा हवा, बोटाला कोरडी कच लागता कामा नये. ज्या मुलाला गिळताना त्रास होतो किंवा जे वारंवार ठसकते, त्याला हे देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

प्रमाणाचीही मर्यादा आहे. १०० ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, म्हणजे वर दिलेल्या कृतीतील एका वाटीतून मुलाच्या पोटात दोनेक ग्रॅम जातात. एवढे पुरेसे आहे. पहिल्यांदा देताना दोन-तीन चमचेच द्यावेत, दुसऱ्या दिवशी पोट कसे आहे ते पाहावे आणि दिवसभर पाणी नीट प्यायला लावावे, कारण तंतू वाढले आणि पाणी वाढले नाही तर मलावरोध उलट बळावतो. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. दोन वर्षांखालील मुलांसाठी साखर, गूळ आणि माडाचा काळा गूळसुद्धा वगळावा. पिकलेल्या फळाची गोडी त्यांना पुरते. द्राक्षे घालायची असतील तर ती उभी चिरून चार भाग करावेत, अख्खी कधीही नाही.

आता ठेवण्याविषयी. दुधातले, फळ न घातलेले पुडिंग मी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाही. फ्रीजबाहेर ते दोन तासांहून अधिक राहू नये, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ३२ अंशांच्या वर असतो तेव्हा एक तासच, म्हणून मुलीच्या शाळेच्या डब्यात ते कधीच जात नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वीज जाण्याचे प्रकार वाढतात. फ्रीजचे दार न उघडल्यास आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. रात्री वीज गेली तर मी वेळ कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवते, आणि सकाळी चार तासांहून अधिक वेळ झालेला दिसला तर वाट्या रिकाम्या करून मुलांना केळे सोलून देते.